एका बाहीचा कोट

दर रविवारी सकाळी साडेनऊला मास्तरांचा फोन वाजायचा आणि पलीकडून आत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"काय रे, सापडला का माझा बाप?"

"नाही गं आत्या. शोधतोय."

"शोधतोय म्हणे! अरे, तुझी सुई हरवली तर एवढे दिवस लावशील का?"

"सुईला मी ओळखतो. तुझ्या बापाला मी बघितलेलंच नाही."

"मी तरी कुठे धड बघितलाय," असं म्हणून आत्या हसायची, मग खोकायची, मग मास्तरांनी जेवणात मीठ कमी केलं की नाही ते विचारायची, आणि तिसरं मिनिट संपता संपता फोन ठेवून द्यायची. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडण्यात आणि तोडण्यात गेलेली बाई ती. 'तीन मिनिटं झाली' हे ती परक्यांना ज्या कोरडेपणानं सांगायची, त्याच कोरडेपणानं आता स्वतःलाही सांगायची. वय शहाऐंशी. दुसऱ्या गावात एका खोलीत एकटी राहायची. कान मात्र अजून तिखट होते.

फोन ठेवला की मास्तर थोडा वेळ तसेच बसून राहत. जगात त्यांना 'अरे' म्हणणारं आत्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. बाकी सगळ्यांचे ते 'अहो मास्तर'.

दुकान म्हणजे किल्ल्या करून देणारा आणि औषधवाला यांच्यामध्ये कोंबलेली एक लांबट बोळवजा खोली. पुढे मशीन, मधे कटिंगचं टेबल, मागे पडदा, पडद्याआड खाट आणि शेगडी. एकेकाळी इथे सदरे, विजारी शिवल्या जायच्या. आता लोक तयार कपडे आणतात आणि अंगाला बसत नाहीत म्हणून तोंड वाकडं करत मास्तरांकडे येतात. पँट दोन बोटं वर घ्या, चेन बदला, कंबर सोडा. दुसऱ्याच्या हातचं उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, एवढंच काम राहिलं होतं. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणत, "लोकांची मापं घेता घेता राहून गेलं." वय साठीच्या उंबऱ्यावर.

बोलणं तर मूळचंच कमी. शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतात. बोलायचं ते गिऱ्हाइकानं, आपण नुसतं हूं हूं करायचं. चाळीस वर्षं असं हूं हूं करून आता तोंड रिकामं असलं तरी मास्तरांना शब्द लवकर फुटत नसे.

आणि असल्या माणसानं दोन वर्षं रोज सकाळी दहा ते एक जुनी वर्तमानपत्रं वाचायला जावं, हे किल्लीवाल्याला काही केल्या पटत नव्हतं.

"मास्तर, ताजा पेपर माझ्याकडे येतो की. फुकट न्या. शिळा कशाला वाचता?"

"त्यात माझा आजोबा नाही," असं मास्तर म्हणाले आणि शटर खाली ओढलं.

हा आजोबा म्हणजे त्या घराची न भरलेली जखम. कोट शिवायचा. नुसता कोटच, सदऱ्याला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी, आत्याची शाळेची परीक्षा चालू होती त्या आठवड्यात, एका दुपारी तो कुणा साहेबाच्या कोटाची ट्रायल द्यायला घरातून निघाला तो परत आलाच नाही. चार दिवसांनी साहेबाचा माणूस दारात उभा. कोट कुठाय? मग पोलीस आले. मग गल्ली जे बोलायचं ते बोलली: चांगलं कापड हाताला लागलं, घेऊन पळाला. मास्तरांचे वडील तेव्हा पाच वर्षांचे. ते 'पळपुट्याचं पोर' म्हणूनच मोठे झाले. पोटासाठी शिवणकामच धरलं, आजोबांच्या जुन्या कारागिरानं त्यांना सगळं शिकवलंही. पण जन्मात त्यांनी गिऱ्हाइकाचा कोट घेतला नाही. कुणी कापड घेऊन आलं तर म्हणत, "कोट आमच्या घराला लागत नाही."

आत्या तेव्हा आठ वर्षांची. त्या दिवशी सकाळी आईबापांचं कडाक्याचं वाजलं होतं, आणि आई तिरीमिरीत म्हणाली होती, "जा, सुटेन मी एकदाची." आत्यानं हे आपल्या कानांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशीही बाप आला नाही तेव्हा ती आईपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तूच हाकललंस त्याला." तिथून पुढे घरात कसलंही भांडण निघालं, मिठापासून लग्नापर्यंत, की शेवट याच वाक्यावर व्हायचा. नोकरी लागताच आत्या घराबाहेर पडली. आजीची शेवटची अकरा वर्षं तर दोघींचं बोलणंही नव्हतं. गावोगावची बोलणी जोडून देणाऱ्या या बाईनं आईच्या घरचा नंबर मात्र एकदाही फिरवला नाही.

मास्तरांचे वडील गेले तेव्हा आत्या आली होती. परत जाताना रिक्षात एक पाय ठेवून म्हणाली, "आता मीच उरले. मला एवढंच कळू दे रे. मेला, की आम्हाला टाकून गेला. मेला असेल तर मी मोकळी."

मास्तरांनी हूं केलं. आणि त्या एका हूंपायी दोन वर्षं गेली.

ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचा विभाग होता. तिथल्या बाई निवृत्तीला आलेल्या, नाकाला फडकं बांधून बसायच्या आणि फडक्याआडून फटकारे द्यायच्या. नियम कडक. आधी हात धुवा, शाईचं पेन बाहेर ठेवा, एका वेळी एकच बांधीव खंड.

"मास्तर, पान चिमटीत असं धरू नका. पँटची दुमड नाही ती."

"चुकलो."

"आणि थुंकी लावून उलटायचं नाही."

"बाई, मी सुईत दोरासुद्धा थुंकी न लावता ओवतो."

"मग तुमच्यासारखे तुम्हीच," असं म्हणून बाई कधी नव्हे त्या हसल्या. तेव्हापासून अकराच्या चहाला मास्तरांचा कप धरला जाऊ लागला.

मास्तरांची वाचायची रीतही शिंप्याची. खंड टेबलावर पसरायचा, तळव्यानं सळ काढावेत तसं पान सपाट करायचं, अस्तराच्या कापडाची एक बोटभर पट्टी ओळीखाली ठेवायची आणि ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची. एकही ओळ गाळायची नाही. गाळलेला टाका नेमका तिथेच उसवतो. त्यामुळे आजोबा सापडायच्या आधी त्यांना त्या साली कुणाची गाय विहिरीत पडली, कुणाचं गलबत बुडालं, कोणत्या डॉक्टरनं दवाखाना हलवला, हे सगळं पाठ झालं. किल्लीवाल्याच्या घरी कोण कोण आहे हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीच्या मुख्याध्यापकाच्या तिन्ही जावयांचे हुद्दे ते सांगू शकले असते. हरवलेल्यांच्या जाहिराती तर ते दोनदोनदा वाचत. 'बाळ, असशील तेथून निघून ये. कोणी रागावणार नाही. आई अंथरुणास खिळली आहे.' दर आठवड्याला दोन-तीन तरी. एवढ्या आया एकदम अंथरुणाला कशा खिळल्या, असं एकदा त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "आया नव्हत्या खिळल्या. तसं छापल्याशिवाय पोरं परत येत नव्हती."

पहिल्या वर्षी एक बातमी सापडली होती. शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्रात, तिसऱ्या पानावर, चार ओळी: 'शिंपी कापडासह फरार.' उंची, गर्द निळं लोकरी कापड, असं साहेबाच्या तक्रारीत होतं. मास्तरांनी ती रविवारी आत्याला वाचून दाखवली.

"हे तर मला आठव्या वर्षापासून पाठ आहे," आत्या म्हणाली. "पुढचं शोध."

पुढचं म्हणजे पळालेला शिंपी. मास्तरांनी शिंपीच शोधला. कुठल्या गावी नवं दुकान उघडलेला, कुठे पकडलेला, कुठे आजारी पडलेला, कुठे मेलेला. तीन महिन्यांचे अंक झाले, सहा महिन्यांचे झाले. शिंपी नाही. मग मागे फिरून तक्रारीच्या आधीचा आठवडा वाचताना एक गमतीची बातमी लागली: 'फाटक्या कोटातील वेड्याचा मृत्यू.' दोनच ओळी. एक बाही तुटलेला कोट घालून फिरणारा कुणी वेडसर इसम पुलापाशी मालमोटारीखाली आला. मास्तरांनी ती बाईंना वाचून दाखवली होती. वर म्हणालेही होते, "अर्ध्या कोटात निम्मीच थंडी वाजत असेल बिचाऱ्याला." दोघं चहाचे कप हातात धरून हसले होते.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. मोठं वर्तमानपत्र वाचून संपलं तेव्हा मास्तर चार दिवस तळघरात गेले नाहीत. पाचव्या दिवशी गेले तर बाईंनी एक सुतळीनं बांधलेला गठ्ठा पुढे ठेवला.

"हे दुसरं एक पत्र. केव्हाच बंद पडलं. बांधणी झालेली नाही, सुटी पानं आहेत. नीट लावून घ्या. सुटं जोडायची तुम्हाला सवय."

बुधवार होता. मास्तरांनी पानं तारखेनं लावली, पट्टी ठेवली. हे पत्र छोटं, बातमीदार मात्र चौकस असावा. दुसऱ्या पानाच्या तळाशी मास्तरांची पट्टी थांबली.

'परवा सायंकाळचे सुमारास पुलाजवळ मालमोटारीखाली सापडून एक अनोळखी इसम जागीच मरण पावला. वय सुमारे पस्तीस. अंगात गर्द निळ्या उंची कापडाचा कोट असून त्यास डावी बाही नव्हती व खिसे मुळीच नव्हते. कोटावर सर्वत्र पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके व खडूच्या रेघा होत्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटात खळगे पाडलेले पितळी कडे होते. सदर इसम चांगल्या घराण्यातील पण वेडसर असावा असा तर्क आहे. प्रेताची ओळख न पटल्याने नगरपालिकेने ते ताब्यात घेतले.'

मास्तरांनी पट्टी उचलली, पुन्हा वर ठेवली आणि पुन्हा वाचलं.

पितळी कडं कसलं, ते अंगुस्तान होतं. सुई ढकलायला शिंपी बोटात घालतो ते, वरून उघडं. आणि पांढरे लांब टाके म्हणजे कच्चे टाके. कोट ट्रायलला नेतात तेव्हा तो असाच असतो: खिसे कापलेले नसतात, कडांना खडू असतो, आणि बाही एकच लावलेली असते, खांदा कसा बसतो ते बघायला. तसला कच्चा कोट घडी घालून पिशवीत नेला तर टाके सरकतात, खडू पुसतो, केलेलं माप जातं. म्हणून त्यांच्या घरची रीतच होती: कच्चा कोट हातात न्यायचा नाही, अंगावर घालून न्यायचा. गिऱ्हाइकाच्या दारात काढायचा. जुन्या कारागिरानं ही रीत मास्तरांच्या वडलांना सांगितली होती, वडलांनी मास्तरांना. कोट कधी शिवणार नव्हते, तरी सांगितली होती.

साऱ्या शहरात ती बातमी वाचून 'हा वेडा नव्हे, हा शिंपी' असं म्हणणारी माणसं असतील तर ती शिंपीच. आणि एक शिंपी त्याच अपघाताच्या दोन ओळी वाचून चहा पीत हसला होता.

"काय झालं मास्तर?" बाईंनी विचारलं. "रंग उडालाय तुमचा."

"सापडले," मास्तर म्हणाले. बाईंनी नियम मोडून ते पान त्यांच्या पुढ्यात दुपारी दोनपर्यंत तसंच राहू दिलं.

पेन्सिलीनं उतरवून घेतलेला कागद घेऊन मास्तर दुकानात आले. शटर अर्धंच वर केलं. रविवारपर्यंत थांबायला हवं होतं, पण थांबवेना. दोन वर्षं जिच्यासाठी घासली ती चांगली बातमी हातात होती. बाप पळाला नव्हता. चोर नव्हता. आत्या मोकळी.

घंटा दोनदाच वाजली.

"आज बुधवार आहे," पलीकडून आत्या म्हणाली. "कोण गेलं?"

मास्तरांना हसावं की काय ते कळेना. "तुझा बाप, आत्या."

मास्तरांनी कागद वाचला. कोटाचं समजावून सांगितलं, बाहीचं, खडूचं, अंगुस्तानाचं. उभ्या आयुष्यात ते सलग एवढं बोलले नव्हते. "पूल ओलांडला की त्या साहेबाचं घर होतं गं. तो कामावरच चालला होता. पळालाबिळाला काही नाही. तुम्हाला टाकून गेला नाही तो."

"परवा सायंकाळी म्हणजे त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. तारीख जुळते."

"म्हणजे आई ताट वाढून बसली होती तेव्हा..."

"हो."

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले."

मास्तरांना तेव्हा कुठे उमगलं आपण काय वाचून दाखवलं ते. कापड कापून झाल्यावर माप चुकल्याचं ध्यानात यावं, तसं झालं.

"आत्या, तू आठ वर्षांची होतीस."

"आठची होते तेव्हा आठची होते. चाळिसाची झाले तेव्हा काय होते रे?"

"उलट शब्द नाही बोलली कधी," आत्या सांगत राहिली. "मी म्हणायची आणि ती गप्प. मला वाटायचं, खरं आहे म्हणून गप्प आहे. तिलाही तेच वाटत असेल. आपणच हाकलला. तिला कुणी सांगितलंच नाही ना, की तो संध्याकाळी... कामावर..." इथे ती थांबली. रडत होती की नुसता श्वास घेत होती, कळेना. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

मग एकदम एक्स्चेंजमधल्या आवाजात तिनं विचारलं, "तिनं पेपरात दिलं असेल का रे?"

"काय?"

"जाहिरात. लोक देतात तशी. 'असाल तेथून परत या.' तू एवढे पेपर वाचलेस, तुला दिसली नाही? तिला लिहिता येत नव्हतं, पण कुणाकडून लिहून घेतली असेल. तिचा एखादा शब्द तरी छापलेला असेल कुठे."

मास्तरांनी डोळे मिटले. त्या महिन्यांतली हरवलेल्यांची प्रत्येक जाहिरात त्यांनी पट्टी लावून वाचली होती, एकदा सोडून दोनदा. बाळं होती, भाऊ होते, एक सासरा होता, एक हरवलेली म्हैससुद्धा होती. आजी नव्हती. नाही म्हणून सांगायला एक अक्षर पुरलं असतं.

"त्या नजरेनं बघितलं नव्हतं मी," ते म्हणाले.

"मग बघ."

"बघतो."

"सावकाश बघ. घाई नाही मला. मी आहे," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी एक बाई मुलाच्या शाळेची पँट घेऊन आली. दोन बोटं सोडायची होती, पोरगा वाढला होता. मास्तरांनी दुमड उसवली. आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघालं, जसं नेहमी निघतं. तरी ते त्या रेघेकडे बघत बसले. त्या बाईनं "होईल ना?" असं तीनदा विचारलं तेव्हा कुठे म्हणाले, "होईल, पण जुनी खूण राहील."

"राहू दे, कोण बघतंय," बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहाला मास्तर तळघराच्या पायऱ्या उतरले, नळावर हात धुतले आणि टेबलापाशी जाऊन उभे राहिले. ग्रंथालयाच्या बाईंनी नाकावरचं फडकं खाली केलं.

"अहो, सापडले ना आजोबा? मला वाटलं आता कशाला याल."

"आता आजी."

"त्याही हरवल्या?"

"हो," मास्तर म्हणाले. काय काय सांगणार? "त्या महिन्यांतली या शहरातली आणखी पत्रं आहेत का काही? मी न वाचलेली?"

बाईंनी वहीत बघितलं. "एक साप्ताहिक आहे. बायकांच्या जाहिराती पुष्कळ असायच्या त्यात. पण त्याला वाळवी लागली होती. काही अंकांची जाळी झालीय, मधला मजकूर गेलाय."

"कुठले अंक?"

बाईंनी बोट फिरवत नेलं. "तुम्हाला हवेत नेमके तेच दोन महिने. अर्धी पानं आहेत, अर्धी नाहीत. काय वाचणार त्यात?"

वाळवीनं खाल्लेल्या अर्ध्या पानांवर काय होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. होतं असंही नाही आणि नव्हतं असंही नाही. आत्याला हे खरं खरं सांगता येण्यासारखं होतं. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि खिशातून अस्तराची पट्टी काढली.

"तेच द्या," ते म्हणाले.